न्यू फॉरेस्टच्या शेजाराने

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत, साउदॅम्प्टन बंदराच्या पश्चिमेस, न्यू फॉरेस्ट नावाचे एक अरण्य आहे. नावाने ते नवे. वयाने मात्र साडेनऊशे वर्षांच्या घरातले. नॉर्मंडीहून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजाने इ. स. १०७९ च्या सुमारास हा मुलूख आपल्या शिकारीसाठी राखून ठेवला, तेव्हा ते नवे होते; पुढे नाव बदलावे असे कोणासही वाटले नाही. पुण्यातला नवा पूल १९२३ साली झाला, तो शंभरी उलटल्यावरही पुणेकरांस नवाच आहे, त्यातलाच हा प्रकार.

ह्या अरण्याच्या पोटात ब्रॉकनहर्स्ट नावाचे गाव आहे. तेथे आमच्या कन्येचे बिऱ्हाड. जावई रोज आगगाडीने साउदॅम्प्टनला नोकरीस जातात. सेवानिवृत्तीनंतर आम्ही उभयता तीन खेपा तेथे जाऊन राहिलो. तिन्ही खेपा मिळून वर्षाहून थोडा अधिकच काळ ह्या अरण्याच्या शेजाराने गेला. लंडन, ऑक्सफर्ड, स्ट्रॅटफर्ड ही स्थळे आम्हीही यथाविधि पाहिली. परंतु त्यांची वर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील, म्हणून ती येथे नकोत.

पहिल्या दिवशी सकाळी खिडकीचा पडदा सारला तो फाटकाशी एक तपकिरी तट्टू निवांत उभे. खोगीर नाही, लगाम नाही, जवळ राखणदार नाही. थोड्या वेळाने दुसरे आले. मग एक गाढवी आपल्या पोरासह रस्त्याच्या मधोमध येऊन थांबली. तिच्यामागे चार मोटारी उभ्या राहिल्या, पण एकानेही कर्णा वाजविला नाही. आम्ही घाईने आत जाऊन ‘कोणाचे तरी जनावर सुटले आहे’ असे सांगितले, तेव्हा आमची आठ वर्षांची नात हसून म्हणाली, "आजोबा, ती सुटलेली नाहीत. ती इथेच राहतात." गावातून एक लहानसा ओढा चक्क रस्त्यावरून वाहतो, त्याचे पाणी पिण्यास ही मंडळी येतात, दुकानांच्या दारांत ऊन खात उभी राहतात, आणि माणसे त्यांना वळसा घालून जातात.

फॉरेस्ट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गर्द झाडी येते. ओक आणि बीच ह्यांची जुनी राने येथे आहेतच. त्यांतले नाइटवुडचा ओक म्हणून प्रसिद्ध असलेले झाड कित्येक शतकांचे असून त्याचा घेर सात मीटरांहून अधिक आहे. परंतु पुष्कळसा मुलूख उघडा माळ आहे. त्यावर हेदरची खुरटी झुडपे, पिवळ्या फुलांची काटेरी गॉर्स, नेचा आणि पाणथळ जागा. ऑगस्टात हेदर फुलते तेव्हा दृष्टी पोहोचेल तेथवर जांभळा गालिचा अंथरलेला दिसतो. मग ह्यास अरण्य का म्हणावे? तर फॉरेस्ट ह्या शब्दाचा मूळ अर्थच झाडी असा नाही. लॅटिनमधील ‘बाहेर’ ह्या अर्थाच्या शब्दाशी त्याचे नाते आहे; देशाच्या सर्वसाधारण कायद्याबाहेरचा, राजाच्या खास कायद्याखालचा प्रदेश म्हणजे फॉरेस्ट. जन्म संस्कृत शिकविण्यात गेल्यामुळे येथे थोडे थांबल्यावाचून आमच्याने राहवत नाही. आपला ‘अरण्य’ शब्द ‘अरण’ म्हणजे परका, दूरचा ह्यापासून आला असे विद्वान मानतात. यास्काचार्यांनीही निरुक्तात त्याची फोड गावापासून दूर गेलेले, मन न रमविणारे, अशीच केली आहे. दोन्ही भाषांना अरण्य ते बाहेरचे.

विल्यमचा कायदा कडक होता. राजाचे हरीण मारणारास भयंकर शिक्षा असे. हरणांमागे धावू नयेत म्हणून अरण्यात राहणारांच्या मोठ्या कुत्र्यांच्या पुढच्या पायांची नखे छाटीत, आणि कोणता कुत्रा मोठा हे ठरविण्यासाठी एक लोखंडी रिकीब ठेवीत. तीतून जो निघेल तो लहान. अशी एक रिकीब लिंडहर्स्ट येथील न्यायसभेच्या दालनात आजही टांगलेली आहे, मात्र ती इतकी जुनी नसून ट्यूडर राजांच्या काळची असावी असे जाणते सांगतात. राजाने गावेच्या गावे व देवळे पाडून हे रान वाढविले असे जुने बखरकार लिहितात. जमीन मुळातच निकस असल्यामुळे एवढी वस्ती येथे असणे शक्य नाही, असे आताच्या इतिहासकारांचे मत आहे. तथापि लोकांच्या मनात राग होता खरा. विल्यमचा एक मुलगा आणि एक नातू ह्याच रानात शिकारीच्या वेळी मरण पावले, आणि २ ऑगस्ट ११०० रोजी त्याचा दुसरा मुलगा, राजा विल्यम रूफस, हाही येथेच बाण लागून मेला. बाण वॉल्टर टायरेल नावाच्या सरदाराने हरणावर सोडला व तो चुकून राजास लागला म्हणतात. चुकून की कसे, हे देव जाणे. धाकटा भाऊ हेन्री त्या दिवशी रानातच होता आणि तीन दिवसांत त्याने राज्याभिषेक करून घेतला. जेथे हे घडले म्हणतात तेथे १७४५ साली एक दगड बसविला. त्यावर पुढे १८४१ साली लोखंडी वेष्टन घातले. तो पाहताना आम्हांस शाकुंतलाचा पहिला अंक आठवला. तेथेही राजा हरणामागे लागला आहे, पण तपस्वी आडवे येतात आणि राजा बाण उतरवितो. रूफसला आडवे येणारे कोणी भेटले नाही.

असो. राजे गेले, आणि ज्यांच्यावर हा कायदा लादला होता त्यांच्याच वंशजांनी हे अरण्य राखले आहे. आम्हांस ह्या प्रदेशात सर्वांत अधिक विचार करण्यास लावले ते ह्या गोष्टीने.

ही गोष्ट कळली ती शेजाऱ्यांमुळे. पलीकडच्या लहान घरात सत्तरीचे एक गृहस्थ राहतात. धंद्याने सुतार, आता थकलेले. आमच्या सौभाग्यवतींस घरी नित्य गोग्रास घालण्याची सवय. येथे गाय दारात येत नाही. परंतु तट्टू येते, तेव्हा त्यांनी तिसऱ्या दिवशी तूप लावलेली पोळी घेऊन फाटक उघडले. शेजारी कुंपणापलीकडून हात वर करून लगबगीने आले. टोपी काढून, अत्यंत अदबीने, परंतु ठामपणे त्यांनी पोळी देऊ नका म्हणून विनविले. म्हणाले, "बाईसाहेब, तुमच्या हातची पोळी खाल्ली की ते उद्या प्रत्येक मोटारीशी जाईल, आणि एके रात्री मोटारीखाली येईल. ते माझे आहे." अरण्यातील उघड्या रस्त्यांवर मोटारींस ताशी ४० मैलांची मर्यादा आहे, जनावरांच्या गळ्यांत रात्री चमकणारे पट्टे बांधतात, तरीही दर वर्षी कित्येक जनावरे अशी मरतात. पुढे १ जुलै २०२३ पासून तर तट्टांना खाऊ घालण्यास वा कुरवाळण्यास स्थानिक मंडळाने दंडाचीच तरतूद केली. सौभाग्यवतींस प्रथम ते जड गेले. भुकेल्या जिवाला तोंडचा घास न देणे हेच पुण्य, हे आपल्या संस्कारांत बसावयाचे कसे?

शेजाऱ्यांची सहा तट्टे. रानात फिरणारी ही काही हजार जनावरे रानटी नाहीत. प्रत्येकाच्या अंगावर मालकाचा डाग असतो. मालकांस येथे ‘कॉमनर’ म्हणतात. आपण त्यांना सामाईक हक्कदार म्हणू. ह्यातील मौज अशी की हा हक्क माणसाला नसून घराला वा जमिनीला चिकटलेला असतो. घर विकले की नवा धनी हक्कदार. आपल्याकडील मिराशीची आठवण यावी असा हा प्रकार आहे. हक्क सहा परींचे: तट्टे, गुरे व गाढवे चारण्याचा, शरदात डुकरे सोडण्याचा, मेंढ्या चारण्याचा, जळण नेण्याचा, पाणथळीतले पीट खणून नेण्याचा, आणि शेतासाठी चुनखडीची माती काढण्याचा. शेवटचे दोन आता कोणी बजावीत नाही. जळणाचा हक्क फार थोड्या घरांस उरला आहे.

ह्या सर्वांवर देखरेख दहा व्हर्डररांच्या सभेची. पाच हक्कदारांनी निवडलेले, पाच नेमलेले. त्यांच्या हाताखाली अजिस्टर नावाचे घोड्यावरून फिरणारे चाकर असतात. उन्हाळा सरला की तट्टे हाकीत आणून कोंडवाड्यात घेतात. ज्याची वर्षाची पट्टी भरली त्याच्या तट्टाची शेपटी कातरतात. प्रत्येक अजिस्टरची कातर निराळी, म्हणून दुरून शेपटी पाहूनच जनावर कोणाच्या टापूतले आणि पट्टी भरलेले की नाही ते कळते. पावती हरवण्याची भीतीच नाही!

शरदात डुकरे सुटतात तो देखावा आम्ही विसरणार नाही. ओकची कच्ची फळे तट्टांना आणि गुरांना विषासारखी बाधतात. डुकरांना ती मानवतात. म्हणून सप्टेंबरच्या मध्यापासून निदान ६० दिवस डुकरे रानात सोडतात, आणि ती तळमळीने, घुरघुरत, पानांखालचे फळ न् फळ वेचून खातात. एकाचे विष ते दुसऱ्याचे अन्न, आणि दुसऱ्याने खाल्ले म्हणून पहिला वाचला. सौभाग्यवती नाकाला पदर लावून, पण उभे राहून, हे अर्धा तास पाहत होत्या.

शेजाऱ्यांबरोबर एके बुधवारी आम्ही लिंडहर्स्टला व्हर्डररांची सभा पाहण्यास गेलो. काळसर लाकडाचे जुने दालन, उंच आसनावर सभासद. हिरव्या पोशाखातला अजिस्टर उभा राहिला आणि ‘ऐका’ ह्या अर्थाचा जुना फ्रेंच शब्द तीनदा उच्चारून त्याने पुकारा केला की ज्यास काही गाऱ्हाणे मांडावयाचे असेल त्याने पुढे यावे, त्याचे ऐकले जाईल. एक म्हातारी काठी टेकीत पुढे गेली आणि कोणाच्या कुत्र्याने शिंगरू पिटाळल्याची तक्रार तिने मांडली. तिचे शब्द लिहून घेतले गेले. एवढेच झाले, परंतु शाळेत तीस वर्षे अर्ज, स्मरणपत्रे आणि पोचपावत्या सांभाळण्यात ज्यांची गेली त्या आम्हांस त्या म्हातारीचा हेवा वाटला.

हे हक्क सुखासुखी टिकले नाहीत. राजाला हरणे हवी होती, तशीच पुढे आरमाराला ओक हवा झाला. नेल्सनचे ‘अॅगॅमेम्नॉन’ जहाज १७८१ साली ह्याच रानाच्या कडेच्या बकलर्स हार्ड येथे पाण्यात उतरले. लाकडासाठी मोठमोठे तुकडे कुंपण घालून काढले जाऊ लागले. १८५१ च्या कायद्याने हरणे मारावयाची आणि त्या बदल्यात आणखी दहा हजार एकर कुंपणात घ्यावयाचे असे ठरले. चराई आटू लागली. तेव्हा हक्कदारांनी गलबला केला, आणि पार्लमेंटात त्यांची बाजू १८७१ साली मांडली ती हेन्री फॉसेट ह्यांनी. हे नाव आपल्याकडील जुन्या पिढीस अपरिचित नव्हते. पंचविसाव्या वर्षी शिकारीतील अपघाताने ते दोन्ही डोळ्यांनी अंध झाले. तरी केंब्रिजला अर्थशास्त्राचे अध्यापक झाले, आणि हिंदुस्थानच्या तिजोरीवरील अन्याय्य खर्चाविरुद्ध इतके बोलले की त्यांस ‘हिंदुस्थानचे सभासद’ असेच म्हणत. अखेर १८७७ साली न्यू फॉरेस्टचा कायदा झाला. नवी कुंपणे थांबली आणि व्हर्डररांची सभा हक्कदारांच्या रक्षणासाठी नव्याने उभी राहिली.

आता पुढचे साल वाचकांनी ध्यानात घ्यावे. लगेच १८७८ मध्ये, त्याच राणीच्या राज्यात, हिंदुस्थानात जंगलाचा कायदा झाला. त्याने राखीव जंगले ठरविली आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चराई व जळण हे हक्क न राहता सरकारच्या मेहेरबानीच्या सवलती बनल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेने हरकत घेतली. ती व्यर्थ गेली. जोतीराव फुले ह्यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ग्रंथात डोंगर, दऱ्या आणि गायराने जंगल खात्याने घशात घातल्याचा संताप आहे. हँपशरच्या सुताराच्या तट्टाला जे मिळाले ते मावळातल्या शेतकऱ्याच्या शेळीला का नाकारले, ह्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. आपल्याकडे त्याची दुरुस्ती २००६ च्या वनहक्क कायद्याने सुरू झाली. म्हणजे मध्ये १२८ वर्षे गेली.

न्यू फॉरेस्टचे सर्व गोड आहे असेही नाही. २००५ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले, सौंदर्याची कीर्ती पसरली, आणि घरांच्या किमती इतक्या वाढल्या की शेजाऱ्यांच्या मुलास बापाच्या गावात घर घेता येईना. तो वीस मैलांवर राहतो. हक्क घराला, आणि घर हाताबाहेर; मग तट्टे सांभाळणार कोण? आमच्या जावयांसारखे बाहेरून आलेले भाडेकरी हेही त्या महागाईचे एक कारण, हे शेजारी कधी बोलले नाहीत. त्यांच्या घरी चहा घेताना आम्हांस ते जाणवे.

आता गावच्या चर्चविषयी. सेंट निकोलसचे हे चर्च गावाबाहेर थोड्या उंचवट्यावर असून अरण्यातील सर्वांत जुने समजले जाते. आवारात हजार वर्षांहून जुना यू वृक्ष आहे. खोड पोकळ, पालव हिरवा. त्याच आवारात १९०५ साली वारलेल्या हॅरी ऊर्फ ब्रशर मिल्स नावाच्या सर्पधराची समाधी आहे. तो रानात खोपटात राही, हजारो साप पकडी आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयास पाठवी. समाधीच्या दगडावर तो सापांसह कोरला आहे. आमच्या नातवंडांना हेच स्थळ सर्वांत प्रिय. मिन्स्टेड गावी शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल ह्यांची समाधी आहे, पण मुलांच्या लेखी ती सापांपुढे काहीच नव्हे.

पलीकडच्या उतारावर पहिल्या महायुद्धातील थडग्यांच्या रांगा आहेत. १९१६ नंतर ब्रॉकनहर्स्टला न्यूझीलंडच्या सैन्याचे इस्पितळ होते, म्हणून बहुतेक थडगी त्या दूरच्या बेटांतील मुलांची. परंतु त्याआधी, १९१४ च्या अखेरीपासून, येथे फ्रान्सच्या रणभूमीवरून जखमी हिंदी शिपाई आणले जात. गावातील मोठी हॉटेले इस्पितळे झाली होती. आजही तेथे एका रस्त्याचे नाव मीरत रोड आहे. इस्पितळांपैकी एक लेडी हार्डिंज ह्यांच्या नावाचे. त्यात सफाईचे काम करणारा सुखा नावाचा एक झाडूवाला होता; राहणार मोहल्ला गंगापूर, शहर बरेली. १२ जानेवारी १९१५ रोजी, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो वारला.

इंग्लंडात मरण पावलेल्या हिंदी शिपायांच्या अंत्यविधीची सरकारने दक्षतेने व्यवस्था केली होती. ब्रायटनजवळच्या टेकडीवर हिंदू व शीख शिपायांचे दहन होई. वोकिंगच्या मशिदीजवळ मुसलमानांचे दफन. ब्रायटनच्या राजवाड्यातील इस्पितळात तर जातीधर्म सांभाळण्यासाठी नऊ स्वयंपाकघरे होती. ह्या सर्व चोख व्यवस्थेत सुखाला मात्र जागा निघाली नाही. तो अस्पृश्य म्हणून हिंदूंनी त्याचे दहन करण्याचे नाकारले. तो मुसलमान नव्हे म्हणून वोकिंगला दफनास नकार मिळाला. तेव्हा ब्रॉकनहर्स्टच्या धर्मोपदेशकाने आपल्या चर्चच्या आवारात त्याला जागा दिली, आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून दगड बसविला. धर्माने तो ख्रिस्ती नव्हता, परंतु दुसऱ्यांच्या हितासाठी त्याने आपले आयुष्य वेचले, अशा आशयाचा मजकूर त्यावर इंग्रजीत कोरला आहे.

आम्ही तो सौभाग्यवतींस मराठीत वाचून दाखविला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अहो, त्याला अग्नी द्यायला आपल्यातलं इथे कुणीच नव्हतं का?"

"होते," आम्ही म्हणालो. "पुष्कळ होते."

हे ज्या घरांतून वाचले जाईल त्यांतील वडीलधाऱ्यांनी सोवळेओवळे पाहिलेले आहे, क्वचित पाळलेलेही असेल. नियम काय होता, हे त्यांस समजावून सांगणे नको. तो नियम समुद्र ओलांडून ह्या रानापर्यंत आला होता, आणि गोळा लागून पडलेल्यांच्या खाटांमधूनही चालत होता, एवढेच आम्ही सांगतो. सुखाला येथे माती मिळाली त्यानंतर बारा वर्षांनी, १९२७ साली, महाडला चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. तळे तर सार्वजनिकच होते.

तिसऱ्या खेपेस आम्ही भाद्रपदात तेथे होतो. सर्वपित्री अमावास्येस कन्येच्या घरी, परसात, यथासांग तर्पण केले. तर्पणाच्या शेवटी ज्यांस पाणी देणारे कोणी नाही अशांकरिता एक ओंजळ असते. ती आम्ही आजवर विशेष कोणाला मनात न आणता सोडीत आलो. ह्या वेळी नाव घेऊन सोडली. गोत्र ठाऊक नसेल तेथे काश्यप म्हणावे असा संकेत आहे, तसे म्हटले.

सायंकाळी सौभाग्यवती नातीला घेऊन चर्चकडे जाऊन आल्या. रानात डुकरे सुटली होती, त्यांनी वाट अडविली म्हणून परतण्यास थोडा उशीर झाला.